पोटात उठून पाठीत जाणारी कळ : स्वादुपिंडदाहाचे निदान व मूल्यमापन

पोट दुखले की आपल्याकडे पहिला शब्द निघतो तो 'पित्त'. पित्त झाले, गॅस धरला, जेवण बाधले, वात सरकला. या चार-दोन शब्दांत पोटाची सगळी दुखणी बसवून आपण मोकळे होतो. पुष्कळदा ते खरेही असते आणि दुखणे एका रात्रीत उतरते. परंतु कधी कधी पित्ताच्या नावाखाली एक निराळाच आजार घरात दोन-तीन दिवस मुक्काम करतो आणि रुग्ण मोठ्या दवाखान्यात पोहोचतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्या आजाराचे नाव स्वादुपिंडदाह. डॉक्टर मंडळी त्यास पँक्रियाटायटिस म्हणतात. स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक लेख द्यावा असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा मधुमेह, रक्तदाब हे नेहमीचे विषय बाजूला ठेवून आम्ही हा विषय घेतला. त्याला एक प्रसंग कारण झाला.

कुरुंदा परिसरातील एक भगिनी. वय चाळिशीच्या आत. यापेक्षा अधिक ओळख सांगत नाही. हळद काढणीचा आणि शिजवणीचा हंगाम चालू होता. रात्री जेवण झाल्यावर तासाभरात छातीच्या हाडाखाली, बेंबीच्या वर कळ उठली आणि ती थेट पाठीत गेली. उलट्या सुरू झाल्या. पित्ताच्या उलटीनंतर जरा हलके वाटते, तसे काही वाटेना. उताणे झोपवेना. गुडघे पोटाशी घेऊन, पुढे वाकून बाई रात्रभर बसून राहिली. सकाळी इंजेक्शन झाले, दुपारी सलाईन झाली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरची माणसे शेतात, हळद शिजायला लागलेली. तिसऱ्या दिवशी तिला धाप लागू लागली आणि लघवी कमी झाली. चौथ्या दिवशी नांदेडला नेले. तेथे रक्तातील अमायलेज तपासले, तर ते जवळजवळ नॉर्मल! नातेवाइकांनी तो कागद आम्हाला फोनवर वाचून दाखविला आणि विचारले, "सर, रिपोर्ट तर चांगला आला. मग बाई अशी का?"

या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आधी स्वादुपिंड म्हणजे काय ते पाहू.

आपल्या घरांतून या अवयवाचे नाव पोहोचले ते मधुमेहामुळे. पूज्य बाबासाहेबांना शेवटच्या वर्षांत मधुमेहाने किती छळले हे आपण सर्वजण वाचत आलो आहोत. मधुमेहाशी ज्याचा संबंध आहे ते इन्सुलिन याच अवयवात तयार होते. १९२१ साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी ते वेगळे काढले, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकातही असते. परंतु इन्सुलिन बनविणे हे स्वादुपिंडाचे एक काम झाले. दुसरे काम पाचकरस तयार करण्याचे. जठराच्या मागे, पाठीच्या कण्यावर आडवा पडलेला हा सुमारे पंधरा सेंटिमीटर लांबीचा, जेमतेम ८० ते १०० ग्रॅम वजनाचा अवयव दिवसाला लिटर-दीड लिटर पाचकरस आतड्यात सोडतो. त्यातील अमायलेज भाकरी-भात पचविते, लायपेज तेल-तूप पचविते आणि ट्रिप्सिन डाळ, मांस, अंडी यांतील प्रथिने पचविते.

जे द्रव्य मांस पचविते ते स्वादुपिंडाचे स्वतःचे मांस का पचवीत नाही? कारण निसर्गाने ते कुलूपबंद अवस्थेत बनविले आहे. ते आतड्यात उतरल्यावरच कुलूप उघडते. चुलीतील आग चुलीत असेपर्यंत स्वयंपाक होतो, तीच आग छपराला लागली की घर जाते. हे कुलूप काही कारणाने स्वादुपिंडाच्या आतच उघडले की अवयव स्वतःलाच पचवू लागतो. सूज येते, भोवती पाणी साठते, रक्तातील पाणी झिरपून पोटात उतरते, रक्तदाब पडतो, मूत्रपिंडांना रक्त पुरत नाही, फुप्फुसांवर परिणाम होतो. पोटाचे म्हणून सुरू झालेले दुखणे अशा रीतीने सर्वांगाचे होते. त्या भगिनीची लघवी कमी होणे आणि धाप लागणे याचा अर्थ हा होता.

स्वादुपिंड कण्याला चिकटून असल्याने कळ पाठीत जाते आणि पुढे वाकल्यावर थोडा आराम पडतो, हेही लक्षात येईल.

कळ ओळखण्याविषयी

१८८९ पर्यंत हा आजार बहुधा मृत्यूनंतर, शवविच्छेदनातच सापडे. त्या वर्षी अमेरिकेतील बोस्टन येथील डॉ. रेजिनाल्ड फिट्झ यांनी तीव्र स्वादुपिंडदाहाचे पद्धतशीर वर्णन केले आणि जिवंत रुग्णात तो ओळखता येतो हे दाखवून दिले. त्यांच्याजवळ ना रक्ताची चाचणी होती, ना सोनोग्राफी. रुग्णाचे बोलणे आणि रुग्णाच्या पोटावरचा हात एवढेच साधन होते. आमच्या मते आजही कुरुंद्यासारख्या गावात निदानाची सुरुवात तेथूनच होते आणि ती चुकली तर पुढची यंत्रे कामी येत नाहीत.

स्वादुपिंडाची कळ अचानक सुरू होते, अर्ध्या-एक तासात शिगेला पोहोचते आणि मग हटत नाही. तासन् तास, कधी दिवस-दोन दिवस एकसारखी राहते. पित्ताशयातील खड्याची साधी कळ काही तासांत विरते. मूतखड्याची कळ कुशीतून जांघेकडे उतरते आणि रुग्ण तळमळतो, एका जागी ठरत नाही. जठराला छिद्र पडले तर पोट लाकडासारखे कडक होते आणि रुग्ण हलायलाच तयार नसतो. उभे राहून काढलेल्या एक्स-रेत पडद्याखाली हवा दिसते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हृदयविकाराचा झटकाही पोटाच्या वरच्या भागात दुखून येऊ शकतो. म्हणून वय झालेल्या किंवा मधुमेही माणसाचे पोट दुखले तरी आधी कार्डिओग्राम काढावा. त्याला पाच मिनिटे लागतात.

पुस्तकांत बेंबीभोवती किंवा कुशीत निळसर डाग पडतात असे दिलेले असते. वैद्यकीय विद्यार्थी ही चिन्हे त्यांच्या शोधकांच्या नावांसह पाठ करतात. परंतु ती फारच थोड्या रुग्णांत दिसतात, तीही उशिरा. आणि चित्रे बहुधा गोऱ्या कातडीवरची असतात. आपल्या सावळ्या अंगावर ती सहज नजरेस पडत नाहीत. डाग नाही म्हणून आजार नाही असे कोणी समजू नये.

येथे आमची स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. उमेदवारीच्या काळात आम्ही एका ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला होतो. एक वाहनचालक पोट धरून आला. तोंडाला दारूचा वास येत होता. आम्ही मनाशी म्हणालो, दारू उतरली की दुखणे उतरेल. ॲसिडिटीचे इंजेक्शन दिले आणि त्याला कोपऱ्यातील खाटेवर टाकले. रात्रभरात त्याची नाडी किती होती, लघवी किती झाली, याची एकही नोंद आम्ही केली नाही. सकाळी त्याचा रक्तदाब लागेना. जिल्ह्याच्या ठिकाणी पाठविल्यावर पाचव्या दिवशी तो गेला. तो वाचलाच असता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या रात्री त्या माणसाची तपासणी झाली नाही, फक्त वास घेतला गेला, हे खरे आहे. त्यानंतर पोटदुखीच्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर आम्ही आधी नाडी आणि श्वास लिहितो.

तीनपैकी दोन

स्वादुपिंडदाह आहे की नाही हे ठरविण्याचा जगभर मान्य असलेला एक नियम आहे. १९९२ साली अमेरिकेतील अटलांटा शहरी तज्ज्ञांनी एकत्र बसून या आजाराच्या व्याख्या ठरविल्या आणि २०१२ मध्ये त्यांत सुधारणा झाली. नियम सोपा आहे. पहिली गोष्ट, वर सांगितल्याप्रमाणे कळ. दुसरी, रक्तातील अमायलेज किंवा लायपेज नॉर्मलच्या वरच्या मर्यादेपेक्षा तिपटीहून अधिक वाढलेले. तिसरी, सोनोग्राफी, सी.टी. स्कॅन किंवा एम.आर.आय.मध्ये दिसणारे बदल. या तिन्हींपैकी कोणत्याही दोन आढळल्या की निदान झाले. तिसरीची वाट पाहण्याचे कारण नाही.

आता त्या "चांगल्या" रिपोर्टविषयी. अमायलेज कळ सुरू झाल्यापासून सहा ते बारा तासांत रक्तात चढते आणि साधारण तीन ते पाच दिवसांत पूर्ववत होते. ती भगिनी चौथ्या दिवशी पोहोचली होती. आग लागून गेल्यावर धूर मोजण्यासारखे ते झाले. लायपेज मात्र लवकर चढते आणि आठ ते चौदा दिवस चढलेले राहते. म्हणून खेड्यातून उशिरा येणाऱ्या रुग्णांसाठी लायपेजच अधिक उपयोगाचे, असे आमचे स्पष्ट मत आहे. दोन्ही चाचण्या एकाच वेळी करून रुग्णाचा खर्च वाढविण्याची गरज नसते. एकच करायची असेल तर लायपेज करावी. त्या भगिनीचे लायपेज नंतर तपासले, ते मर्यादेच्या अनेक पट निघाले.

रिपोर्ट वाचताना विद्यार्थी मित्रांनी आणखी दोन-तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. प्रत्येक प्रयोगशाळेची मर्यादा निराळी असते, ती कागदावर उजव्या बाजूस छापलेली असते. तिप्पट मोजायची ती त्या आकड्याची. दुसरे, अमायलेज इतर कारणांनीही वाढते. गालगुंड, आतड्याला पीळ, जठराला छिद्र, मूत्रपिंड निकामी होणे, नळीतील गर्भ, या सर्वांत ते वाढलेले सापडते. उलट रक्तात चरबी फार असली तर खरा स्वादुपिंडदाह असूनही अमायलेज नॉर्मल येऊ शकते. तिसरे म्हणजे आकडा जितका मोठा तितका आजार मोठा, हा समज चुकीचा आहे. तीन हजार लायपेज असलेला रुग्ण चौथ्या दिवशी घरी चालत जातो आणि पाचशे असलेला अतिदक्षता विभागात पोहोचतो, असे होते. नातेवाईक रोज लायपेज करा म्हणून आग्रह धरतात. एकदा निदान झाल्यावर ते पुन्हा पुन्हा करण्यात पैशांचा व्यय होतो, दुसरे काही साधत नाही.

सोनोग्राफी मात्र प्रत्येकाची झालीच पाहिजे. पोटातील हवेमुळे स्वादुपिंड तीत नीट दिसत नाही, ही गोष्ट खरी आहे. पण सोनोग्राफी आपण स्वादुपिंडासाठी करीत नसून पित्ताशयातील खड्यांसाठी करतो. सी.टी. स्कॅनचे उलट आहे. "एवढे सीरियस असून सी.टी. काढला नाही" अशी तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. कळ आणि लायपेज यांवरून निदान झाले असेल तर पहिल्या दिवशी सी.टी.ची गरज नाही. स्वादुपिंडाचा कोणता भाग मृत झाला हे पहिल्या दोन दिवसांत स्पष्ट दिसतच नाही, ते तीन-चार दिवसांनंतर दिसते. शिवाय सी.टी.साठी शिरेतून द्यावयाचे औषध आधीच ताणलेल्या मूत्रपिंडांना त्रासदायक ठरू शकते. निदानच संशयात असेल किंवा दोन-तीन दिवसांत सुधारणा नसेल तर सी.टी. अवश्य काढावा.

किती गंभीर?

निदान झाले म्हणजे अर्धे काम झाले. सुमारे ऐंशी टक्के रुग्णांत हा आजार सौम्य असतो आणि आठवड्याभरात माणूस हिंडू-फिरू लागतो. उरलेल्यांत तो उग्र रूप धारण करतो. पहिल्या दिवशी दोघेही सारखेच दिसतात, दोघेही सारखेच विव्हळतात. कोण कोणत्या वाटेने जाणार हे ओळखणे यालाच मूल्यमापन म्हणतात.

१९७४ साली न्यूयॉर्कचे डॉ. जॉन रॅन्सन यांनी यासाठी अकरा कसोट्या मांडल्या. त्या आजही परीक्षेत विचारतात. परंतु त्यांतील सहा पूर्ण व्हायला ४८ तास लागतात आणि धमनीतील रक्ताची तपासणीही लागते. तालुक्याच्या ठिकाणी ते जमत नाही. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेली पाच गुणांची 'बायसॅप' पद्धत आम्हाला आपल्याकडे अधिक उपयोगी वाटते, कारण ती पहिल्या २४ तासांत आणि साध्या साधनांनी होते. रक्तातील युरिया नायट्रोजन २५ च्या वर, शुद्धीत फरक, वय साठच्या वर, छातीच्या एक्स-रेत फुप्फुसाभोवती पाणी, आणि सर्वांगाला सूज-प्रतिक्रियेची लक्षणे. प्रत्येकाला एक गुण. शेवटची गोष्ट ठरवायला ताप, नाडी, श्वास आणि पांढऱ्या पेशी पाहतात. नाडी मिनिटाला ९० च्या वर, श्वास २० च्या वर, ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर किंवा शरीर ३६ च्या खाली थंड पडलेले, पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर किंवा ४,००० च्या खाली. यांपैकी दोन असल्या की तो गुण मिळाला. एकूण तीन किंवा अधिक गुण झाले तर धोका मोठा.

येथे एक खाचखळगा आहे. आपल्याकडील बहुतेक प्रयोगशाळा 'ब्लड युरिया' कळवितात, युरिया नायट्रोजन नव्हे. दोन्ही एक नाहीत. ब्लड युरियाला २.१४ ने भागले की युरिया नायट्रोजन मिळतो. म्हणजे पुस्तकातील २५ हा आकडा आपल्या कागदावर ५३-५४ होतो. हे न कळल्यामुळे ४० युरियाच्या रुग्णाला घाईने गंभीर ठरविलेले आम्ही पाहिले आहे. फार्मसी आणि लॅब टेक्निशियनचा अभ्यासक्रम करणारी आपली मुले आता पुष्कळ आहेत. त्यांनी एवढा भागाकार लक्षात ठेवला तरी डॉक्टरांना मदत होईल.

अटलांटाच्या सुधारित व्याख्येप्रमाणे फुप्फुस, रक्ताभिसरण किंवा मूत्रपिंड यांपैकी एखादे ४८ तासांहून अधिक काळ कोलमडलेले राहिले तर आजार तीव्र. तेवढ्यात सावरले तर मध्यम. काहीच कोलमडले नाही आणि स्थानिक गुंतागुंतही नसली तर सौम्य. यातील ४८ तास हा शब्द महत्त्वाचा. गंभीरता एकदा पाहून ठरत नाही, ती दर काही तासांनी पुन्हा पाहावी लागते. नाडी मंदावते आहे का, लघवी होते आहे का, युरिया उतरतो आहे का? लघवी तर नातेवाईकही मोजू शकतात. प्लॅस्टिकच्या बाटलीवर पेनने खुणा केल्या तरी पुरे. प्रौढ माणसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे तासाला निदान अर्धा मिलिलिटर लघवी व्हावी, म्हणजे साठ किलोच्या माणसाला तासाला तीस. सहा तासांत पेलाभरही झाली नाही तर ही बातमी डॉक्टरांच्या कानावर गेलीच पाहिजे.

म्हणूनच अशा रुग्णाला घरी किंवा छोट्या दवाखान्यात सलाईन लावून "उद्या बघू" म्हणणे धोक्याचे. कुरुंद्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात शिरेतून पाणी सुरू करता येते, कळ थांबविणारे औषध देता येते. तेथून वसमतचे उपजिल्हा रुग्णालय किंवा अतिदक्षता विभाग लागणार असे दिसले तर थेट नांदेडचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अशी वाट असते. १०८ ची रुग्णवाहिका यासाठीच आहे. निघताना एका कागदावर चार गोष्टी लिहून द्याव्यात : कळ किती वाजता सुरू झाली, शेवटची लघवी कधी झाली, कोणती औषधे दिली (रिकामी पाकिटे सोबत बांधावीत), आणि दारू घेत असल्यास शेवटची केव्हा घेतली. चौथी गोष्ट लपवू नये. रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी बंद झाली की दोन-तीन दिवसांनी हात थरथरतात, माणूस बरळतो. डॉक्टरांना माहीत नसले तर तो आजार वाढल्याचे लक्षण वाटते आणि मूल्यमापनच चुकते.

कारण शोधताना

त्या भगिनीला मोठ्या दवाखान्यात भरती करताना पहिला प्रश्न विचारला गेला, "घरात कोणी पितं का? ही पिते का?" तोही सगळ्या नातेवाइकांसमोर. बाईने आयुष्यात थेंब घेतलेला नाही. ती अपमानाने रडली आणि पुढे दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही. सोनोग्राफीत तिच्या पित्ताशयात बारीक बारीक खडे निघाले.

पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका आतड्यात जवळजवळ एकाच तोंडाने उघडतात. १९०१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. युजीन ओपी यांना एका शवविच्छेदनात त्या तोंडाशीच अडकलेला खडा सापडला आणि संबंध उघड झाला. मोठा खडा पित्ताशयातच पडून राहतो. बारीक खडे घरंगळतात, म्हणून तेच अधिक घातक. यकृताच्या चाचणीतील ए.एल.टी. (जुन्या कागदांवर एस.जी.पी.टी.) पहिल्या दिवशी १५० च्या वर असेल तर खड्याचा संशय बळावतो. खडे स्त्रियांत अधिक आढळतात, ही गोष्ट दवाखान्याच्या दारात प्रश्न विचारणाऱ्यांनी आधी आठवावी.

खडे आणि दारू ही दोन कारणे मिळून बहुसंख्य रुग्ण होतात. उरलेल्यांत रक्तातील ट्रायग्लिसराइड हजाराच्या वर जाणे, कॅल्शियम वाढणे, काही औषधे, सायकलच्या हँडलचा मार पोटात बसणे (मुलांत हे विसरू नये), पित्तनलिकेत शिरलेला जंत, असे कितीतरी आहे. आपल्या भागात कापूस-सोयाबीनवर फवारणी करताना होणाऱ्या कीटकनाशकाच्या विषबाधेतही स्वादुपिंड सुजू शकते. अशा रुग्णाचे पोट दुखू लागले तर ते विषाचेच म्हणून सोडू नये. पुस्तकांत विंचूदंशाचेही कारण दिलेले असते आणि विद्यार्थी ते हमखास सांगतात. तो विंचू वेस्ट इंडिजमधील त्रिनिदाद बेटावरचा. आपला लाल विंचू मुख्यतः हृदय आणि फुप्फुसांवर घाव घालतो. चवदार तळ्याच्या महाडमध्येच डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, हे जाता जाता सांगतो. चाळिशीनंतर कोणतेच कारण सापडले नाही तर गाठ नाही ना याची खात्री करून घ्यावी.

दारूविषयी. बहुधा पाच-सात वर्षे रोज भरपूर पिणाऱ्यास हा आजार होतो, एखाद्या लग्नात घेतलेल्या घोटाने होत नाही. पण दारू पिणाऱ्याच्याही पित्ताशयात खडा असू शकतो. "कारण कळलेच आहे" म्हणून त्याची सोनोग्राफी टाळणे हा अन्याय होय. विचारायचे ते एकांतात, "दादा, दिवसाला किती होते? कधीपासून?" असे साधेपणाने विचारावे. लाजवून विचारले की माणूस खोटे सांगतो आणि खोट्या माहितीवर उपचार होतात. आपण पाचवे शील दररोज उच्चारतो. ते स्वतःला सांभाळण्यासाठी आहे, खाटेवर पडलेल्याला मारण्याची काठी म्हणून ते दिलेले नाही. पोटाच्या विकाराने घाणीत पडलेल्या, सोबत्यांनी टाकून दिलेल्या भिक्खूला भगवान बुद्धांनी आणि आनंदांनी स्वतःच्या हातांनी धुतल्याची कथा विनयपिटकात आहे. बरा होऊन घरी आल्यावर मात्र त्या माणसाशी दारूबद्दल सविस्तर बोलावे. पिणे सुटले तर झटका पुन्हा येण्याचा धोका पुष्कळ कमी होतो, आणि तंबाखू-विडीही सोडायला सांगावे, तीही स्वादुपिंडाला घातकच.

तेच झटके पुन्हा पुन्हा आले की स्वादुपिंड कायमचे आकसते. त्यास जीर्ण स्वादुपिंडदाह म्हणतात. वारंवार पोटदुखी, तेलकट आणि पाण्यावर तरंगणारे शौच, वजन घटणे, आणि शेवटी मधुमेह. केरळात न पिणाऱ्या तरुणांतही हा मोठ्या प्रमाणात दिसून आला. तेव्हा टॅपिओका कंदावर, म्हणजे ज्यापासून साबुदाणा होतो त्यावर, संशय घेतला गेला. पुढील संशोधनात त्याला आधार मिळाला नाही आणि अनुवंशिक दोषांकडे लक्ष गेले. साबुदाणा खाणाऱ्यांनी घाबरू नये. परंतु एखादा किडकिडीत तरुण मधुमेही म्हणून औषध घेत असेल आणि त्याला वर्षानुवर्षे पोटदुखीही असेल, तर पोटाचा एक साधा एक्स-रे व सोनोग्राफी करून घ्यावी. स्वादुपिंडातील खडे त्यात पुष्कळदा दिसतात.

उपचारांचा विस्तार हा या लेखाचा विषय नाही. पण नातेवाइकांना दोन बदल माहीत असावेत. पूर्वी कित्येक दिवस तोंडाने काही देत नसत. आता सौम्य आजारात उलटी थांबून भूक लागताच हलके जेवण देतात, तेव्हा "डॉक्टर खायला कसे सांगतात" म्हणून भांडू नये. तसेच सलाईनच्या बाटल्या जितक्या जास्त तितके बरे, हाही समज गेला. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या 'वॉटरफॉल' चाचणीत बेताने पाणी दिलेल्या रुग्णांच्या तुलनेत भरमसाट पाणी दिलेल्यांना अंगात पाणी साठण्याचा त्रास अधिक झाला.

आता त्या भगिनीचे. तीन आठवड्यांनी ती बरी झाली. तिच्या पोटात स्वादुपिंडाभोवती पाणी साठलेले असल्याने पित्ताशयाची शस्त्रक्रिया लगेच करता आली नाही. ती ओसरल्यावर करायची ठरले आणि तारीख दिली गेली. ज्यांचा आजार सौम्य असतो त्यांची शस्त्रक्रिया त्याच मुक्कामात उरकावी असा आता नियम आहे. नेदरलँड्समधील २०१५ च्या 'पाँचो' अभ्यासात शस्त्रक्रिया महिनाभर लांबविलेल्यांपैकी १७ टक्के रुग्ण खड्याच्याच त्रासाने पुन्हा अडचणीत आले. त्याच मुक्कामात शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होते. परंतु आपल्याकडे कळ थांबली की खडा विसरला जातो. हंगाम, लग्न, मुलांच्या परीक्षा, ऊसतोड, काहीतरी पुढे येते.

दिलेल्या तारखेच्या आठवडाभर आधी तिच्या मालकांचा फोन आला. हळद विकून झाली नाही, भाव चढण्याची वाट पाहतोय, ऑपरेशन दिवाळीनंतर केले तर चालेल का, असे त्यांनी विचारले. आम्ही त्यांना खर्चाचे विचारले. महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजनेविषयी दवाखान्यातील आरोग्यमित्राकडे चौकशी केली का, म्हणालो. त्यांनी ती केलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी आपल्या संस्थेचे दोन कार्यकर्ते रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन त्यांच्यासोबत नांदेडला गेले. शस्त्रक्रिया ठरलेल्या तारखेलाच झाली. काढलेल्या पित्ताशयातील खडे बाईने एका काचेच्या बाटलीत घालून घरी आणले आहेत. हळदीच्या बारीक कण्यांएवढे आहेत, आणि शेजारच्या बायकांना ती ते दाखविते.